दुसरी गुंडाळी

ओपिया कडेवरच्या बाळाला थोपटत पावाच्या भट्टीपुढे रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक नवरा-बायको होते. नवऱ्याच्या दोन्ही हातांत युद्धशास्त्राची उलगडलेली गुंडाळी होती, त्यामुळे टोपली बायकोकडे.

"अहो, उद्या सीमेवर निघायचंय आणि लढाई आज शिकताय?"

"अगं, आजवर मी धान्याची कोठारं सांभाळली. एकदम पलटण हातात दिली, तर माणूस पुस्तकच वाचणार ना."

"लिहिणारा किती लढाया लढलाय?"

"तो तत्त्वज्ञ आहे, फादिला."

"म्हणजे एकही नाही."

"हत्ती अंगावर आले तर काय करायचं, ते मात्र फार छान लिहिलंय."

"डॅन्यूबच्या काठी हत्ती आहेत?"

"नाहीत. पण आले तर."

"आणि शत्रू मागून आला तर?"

"ते दुसऱ्या गुंडाळीत आहे. नकलनवीस म्हणतो, सॅटर्नेलियाचा सण झाला की देतो."

"मग शत्रूला निरोप धाडा. सणापर्यंत समोरूनच या म्हणावं."

नवरा हसला. ती हसली नाही.

"सेनापतीनं कुठे उभं राहायचं, ते आहे का यात?"

त्याने वीतभर गुंडाळी पुढे सरकवली.

"आहे. मागे, टेकडीवर, सगळं दिसेल अशा जागी. स्वतः तलवार उपसून गर्दीत घुसू नये."

"खरंच असं लिहिलंय?"

"हे बघ ना."

"बघितलं. आता परत वाचा. सावकाश."

त्या दोघांच्या पुढची माणसं पाव घेऊन गेली, रांगेत मोकळी जागा पडली. ओपियाने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्यांचं वाचून होईपर्यंत ती तिथेच थांबली.