नानांचं वायफाय

वायफायचा विषय निघालाच आहे, तर माझ्या काकांचं सांगतो. नाना नरडाण्याला राहतात. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली पुण्यात कंपनीत आहे. घरी नेट नव्हतं, म्हणून ती दोन दिवसांची रजा टाकून यायची आणि तिसऱ्या दिवशी परत.

नाना मला म्हणाले, "घरमा नेट घिदं ते पोर आठ दिन ऱ्हाई."

कनेक्शन घेतलं. इंग्रजी पासवर्ड सांगताना नाना अडखळायचे, म्हणून मी धुळ्याहून क्यूआर कोड छापून, लॅमिनेशन करून आणला. तो त्यांनी स्वतः स्टुलावर चढून भिंतीवर चिकटवला.

संक्रांतीच्या सुमारास वैशाली आली. नाना दारातच म्हणाले, "पानी नंतर पे, पहिले हाई स्कॅन कर."

तिने फोन धरला, लगेच नेट लागलं. "अरे वा नाना! आता रजा टाकायची गरजच नाही, इथूनच काम करता येईल."

खरंच आठ दिवस राहिली. सकाळी नऊला खोलीचं दार लागायचं, ते रात्री आठला उघडायचं. काकू ताट आत नेऊन ठेवायची. नाना एकदा हौसेने सोललेल्या हरभऱ्याची वाटी घेऊन आत गेले, तर कानात हेडफोन घातलेल्या वैशालीने ओठांवर बोट ठेवलं. नाना वाटी घेऊन तसेच बाहेर आले.

ती गेली त्या संध्याकाळी मी म्हटलं, "नाना, या खेपेला चांगली आठ दिवस राहिली की."

नानांनी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "पहिले दोनच दिन ऱ्हाये रे. पन मन्हाजवळ बसे."