खिम्याचं पथ्य

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी नवरा, बायको आणि नवऱ्याची थोरली बहीण बसली होती. नवरा हातातला रिपोर्ट नाचवत होता.

“बघ ताई, कोलेस्टेरॉल धाडकन खाली! मटण बंद करा म्हणे. दिवसाआड खिमा हाणलाय मी. आज डॉक्टरांना तोंडावर सांगणार.”

“सांगा की, चांगलं ठणकावून सांगा.”

“वर म्हणे, सोयाचं खोटं मटण खा. मला? मी नुसत्या वासावरून ओळखतो!”

“तर काय!”

“चला, माझा नंबर आला.”

तो आत गेला, दार लागलं.

“अगं, डॉक्टर नको म्हणतात आणि तू त्याला खिमा घालतेस?”

“ताई, तुम्ही आल्यापासून आमची मनी मांजर एकदा तरी त्यांच्या ताटाजवळ फिरकली?”

“नाही बाई. खिम्याच्या दिवशीसुद्धा घोरत पडलेली असते.”

“तिला काही फसवता आलं नाही मला.”

“म्हणजे तो सगळा सोया?”

“हळू बोला, आले ते!”

“हरले डॉक्टर! म्हणाले, जे खाताय तेच चालू ठेवा.”

“मग ठेवू या हो. डॉक्टरांचा शब्द कसा मोडायचा?”