बापूची झील

परवा एस.टी.त माझं हसंच झालं. मी रोज भिंगारला लेकाच्या दुकानावर जातो. नातीनं आमच्या पोवाड्याची जुनी कॅसेट मोबाईलवर घेऊन दिली, वर कानात घट्ट बसणारे इअरफोन. गाडीचा खडखडाट बंद, कानात फक्त आमचा शाहीर बापू. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानं ओळ सोडली, की मागून मी झील धरायचो. सवयीनं मोठ्यानं ओरडलो, “जी जी रं जी!”

कंडक्टरनं खांदा हलवला. “बाबा, कोनाला जी जी चाललंय? साहेबाचा फोन हाय का?”

“न्हाई रं. शाहीर गातोय. झील न्हाई धरली तर एकटा पडंल त्यो.”

त्यानं एक इअरफोन कानाला लावून ऐकलं, परत दिला.

“धरा बाबा. कोनी काय म्हनलं तर मला सांगा.”