आत्यानं छापून आणलेली आग

आमच्या सोनाआत्याचा पराक्रम तुम्हाला ठाऊक न्हाई? आष्टीजवळची आमची धनगरवस्ती उन्हाळ्यात जळाल्ती. घरं गेली, मेंढरं गेली. पेपरात मात्र एक ओळ न्हाई. शहरातल्या एका दुकानाचा पडदा पेटला, तर त्याचा फोटो!

आत्या परतूरहून रेल्वेनं थेट पेपरच्या कचेरीत गेली. संपादक म्हणाले, “बाई, तुमच्याकडे आमचा बातमीदार नाही.”

“मंग मी सांगते, तुम्ही लिवा,” म्हणत ती समोर बसली. जळालेलं एकेक घर तिनं नावानिशी सांगितलं. रविवारी सगळं छापून आलं.

दोन दिवसांत तहसीलदार वस्तीवर हजर. म्हणाले, “कोणाकोणाचं जळालं, त्याची यादी लागेल.”

अक्षरओळख नसलेल्या आत्यानं पेपर पुढं केला. “छापून आलीया, साहेब. जल्दी वाचा, पावसाआधी डोक्यावर पत्रे पाहिजेत.”

आणि आले बरं का पत्रे, मिरगाच्या आधी!