चाळणीचं कापड

शांभवी : नोंदवहीत तुमच्याच अक्षरात आहे, रत्नक्का. ‘सतरा ऑगस्ट १९८९. माल्पेच्या बेटावरचा दगड कुटला, चाळला.’ आणि वरच्या ओळीत?

रत्नक्का : हासन जिल्ह्यातला दगड. आदल्या दिवशीचा.

शांभवी : दोन्हींना चाळणीचं कापड एकच?

रत्नक्का : धुतलं होतं गं! साबणानं, दोनदा. वाळवून इस्त्रीसुद्धा केली.

शांभवी : प्रत्येक दगडाला नवं कापड, जुनं फेकायचं. हेब्बार सरांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

रत्नक्का : इतकं तलम कापड एका वापरात फेकायचं? हात धजेना माझा.

शांभवी : विणीत झिरकॉनचा, ज्यावरून दगडाचं वय काढतात त्या खनिजाचा, एक कण अडकला होता. नेमकं त्याचंच वय मी मोजलं. बेटाचे बाकीचे कण नऊ कोटी वर्षांचे, हा एकटा तीनशे कोटींचा. हासनच्या दगडाचं वय तेवढंच.

रत्नक्का : सरांनी तर म्हैसूरपाक वाटला.

शांभवी : वाटणारच. भारत आणि मादागास्कर नऊ कोटी वर्षांपूर्वी फाटून वेगळे झाले, एवढंच बेटाचा दगड सांगत होता. सरांनी त्या एका कणावरून लिहिलं, बेटाखाली मादागास्करचा जुना तुकडा राहून गेलाय. लेख परवा पोस्टात पडला.

रत्नक्का : आणि तो तुकडा...

शांभवी : हासनचा!

रत्नक्का : हसू नकोस, बाई. सोमवारी मला कायम करण्याच्या कागदावर सरांची सही व्हायची आहे. अकरा वर्षं हंगामी काढली. घरी हे अंथरुणाला खिळलेले, दोन मुली. हे कळलं तर करतील सही?

शांभवी : नाही.

रत्नक्का : मग गप्प बसू या?

शांभवी : लेखावर माझं नाव आहे, अक्का. खोटं माहीत असून कशी बसू?

रत्नक्का : म्हणजे इकडून बंद, तिकडूनही बंद.

शांभवी : मी सांगते, चाळलं मी, तुम्ही नुसतं लिहून घेतलंत. विद्यार्थ्याला काय, ओरडून सोडून देतील. तुम्ही तोंड उघडू नका.

(बत्तीस वर्षांनी, फोनवर.)

रत्नक्का : हे गेले. मुली आपापल्या घरी सुखात आहेत. मी निवृत्त होऊनसुद्धा तेरा वर्षं झाली. तू अजून कुंदापूरच्या शाळेतच?

शांभवी : गेल्या वर्षी सुटले. तीस वर्षं भूगोल शिकवला.

रत्नक्का : सरांनी नुसतं ओरडून सोडलं नाही तुला.

शांभवी : लेख मागे घ्यावा लागला त्यांना. माझं तोंड बघवेना, संशोधन तिथंच सुटलं. जाऊ द्या, अक्का.

रत्नक्का : सर जायच्या आदल्या आठवड्यात भेटले मी त्यांना. म्हणाले, ‘रत्ना, ती पोरगी हुशार होती, पण हाताची निष्काळजी.’

शांभवी : मग तुम्ही काय म्हणालात?

रत्नक्का : मी त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला.