व्हायोला ऐकू आला नाही

संगीत नाटकाच्या बुधवारच्या दुपारच्या खेळाचं मध्यंतर झालं, तेव्हा ब्रॉडवेवरच्या त्या जुन्या थिएटरात बायकांच्या टॉयलेटची रांग जिन्यापर्यंत गेली होती. बाळ सांभाळणारीचा फोन येतोय का, ते बघत मी उभी होते. माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या.

"ताई, एवढ्या वाद्यवृंदात नोरीनचा व्हायोला ऐकू आला तुला?"

"एकदासुद्धा नाही गं!"

"मग रडतेस कशाला? बदली वादक आहे ती. ऐकू आली असती, तर चुकली असती."

"पण एकही तालीम न देता थेट प्रेक्षकांसमोर बसवायचं?"

"बदलीवाल्यांना कुठली तालीम? चार दिवस नेहमीच्या वादकाशेजारी बसून बघायचं, घरी घोटायचं, की झालं."

"आणि वाद्यवृंदाच्या कंडक्टरला नाही आवडलं तर?"

"तर पुन्हा बोलावत नाहीत. सरक पुढे."

"यातली सगळी गाणी ती पोटात असल्यापासून ऐकवलीत मी तिला."

"तिला काय, सगळ्या बिल्डिंगला ऐकवलीस."

फोन वाजला. मी दचकून माझा बघितला, पण वाजला होता ताईंचा.

"नोरीनचा मेसेज! शनिवारीही ये म्हणाले तिला!"

"बघ! आता तरी दुसरा अंक निवांत बघ."

"निवांत? अहो पुढच्या, आटपा की जरा! माझ्या मुलीचा अंक सुरू होतोय!"