दिसतं तेवढंच काढ, रायभान

...आता मला सांगा, एका मेंढराला कान किती असतेत? दोन. बरोबर? शेंबड्या पोराला ठाऊक हाय ते... मग मी चित्रात दोन कान काढले तर माझं चुकलं कुठं? पण न्हाई. व्यंकटराव सर तांबडी पेन्सिल घेऊन आले, एका कानावर फुली मारली अन् म्हणले, "दिसतं तेवढंच काढ, रायभान." वर्षभर हेच. वांगं काढा, तांब्या काढा, मेंढरू काढा, सर मागून येणार अन् हेच म्हणणार. तुमाला सांगतो, आजबी कुणी पेन्सिलीला टोक करायलंय असं दिसलं की मला तेच ऐकू येतंय.

झालं काय, मराठवाडा मुंबई राज्यात गेला ना, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. परभणीला मास्तर लोकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं, अन् तिथं कायदा असा की चित्रकलेत पास झाल्याबिगर मास्तरकीचं सर्टिफिकेट न्हाई. आता आमी धनगराचे, सोनपेठकडचे, घरात पहिला शिकलेला मीच, अन् तोबी अर्धा उर्दूत अर्धा मराठीत... चित्र म्हणून जे काय पाह्यलं ते बाजारातल्या कॅलेंडरावर! अन् आमचा बा, बिरू त्याचं नाव, त्यानं निघतानाच बजावून ठेवलं होतं, की एक वरीस देतो, मास्तर झालास तर ठीक, न्हाई तर काठी घ्यायची अन् गुमान मेंढरामागं यायचं. बा एकदा बोलला की बोलला, पुढं अपील न्हाई. गणित मी केलं असतं हो, इतिहास घोकला असता... पण चित्रकला?

म्हणून मला नवशिक्यांच्या वर्गात टाकलं. कसला वर्ग तो! तीस बाप्ये, मिशावाले, काहींना घरी दोन-दोन लेकरं, अन् सगळे कडुलिंबाखाली मांडीवर फळकुटं घेऊन वांगं काढायलेत! पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर तांब्या ठेवला, त्याच्या मागं पुस्तक. मी उठलो, टेबलाला एक चक्कर मारून आलो. जित्राब असो का तांब्या, चारी बाजूनं पाहून घ्यायची सवय आमाला. मग बसून तांब्या काढला, शेजारी अख्खं पुस्तक काढलं. सर म्हणले पुस्तक तांब्याच्या मागं हाय, अर्धंच दिसतंय. मी म्हणलं सर, अर्धं पुस्तक कुठं मिळतंय का? झालं... "दिसतं तेवढंच काढ, रायभान."

मग आलं ते मेंढरू. म्हणलं, आता कुठं आपल्या गल्लीत आलं काम! अहो, आमच्यात मेंढराची खूण कानावर असती. डावा कान कातरलेला म्हंजे आमचं, उजवा कातरलेला म्हंजे शेजारच्या कळपवाल्या आश्रुबाचं. मी मेंढरू काढलं उजव्या अंगानं, तर डावा कान गेला पल्याड, अन् तोच गेला म्हणल्यावर मेंढरू कुणाचं ते कळावं कसं? तो आश्रुबा कागदावरनंबी हाकून नेईल, असला माणूस! म्हणून मी डावा कान जरा वर ओढून घेतला, त्याची कातर दाखविली, चारी पाय अलग-अलग दाखविले. सर म्हणले, पल्याडचा कान इथून दिसतो का? म्हणलं दिसत न्हाई सर, पण हाय की. अख्खा वर्ग हसायलाय. सेलूचा बन्सीधर, ज्याचं वांगं तोडून भाजीत टाकावं असं हुबेहूब, तो तर हसून हसून आडवा. अन् सर काय चिडले न्हाईत, माझ्याजवळ बसले, हळूच म्हणले, "ठाऊक हाय ते नको रे. दिसतं तेवढंच काढ."

लय माया त्या माणसाची. स्वतःचं रबर मला देऊन टाकलं, कारण खोडायचं काम सगळ्यात जास्त माझंच. टकलावरनं हात फिरवीत फिरायचे, ओरडणं न्हाई, मारणं न्हाई... तसले दिवस पुन्हा न्हाई आले बघा. एकदा सोमवारचं वांगं गुरुवारपर्यंत तसंच राह्यलं, सुकलं, सुरकुतलं. बाकीच्यांनी काढलं ताजं, जांभळं, चकचकीत. मी म्हणलं आता दिसतंय तेवढंच काढू, अन् सगळ्या सुरकुत्या काढल्या. सर लय वेळ पाहत उभे राह्यले, अन् वर्षात पहिल्यांदा म्हणले, शाबास. मी त्या दिवशी जेवलोच न्हाई आनंदानं!

परीक्षेला दहा चित्रं द्यायची होती, त्यातलं एक जित्या माणसाचं, समोर बसवून काढलेलं. ते न्हाई तर नापास. आता समोर बसणार कोण? पण नशीब असं की आमची मेंढरं तवा परभणीच्या कडेलाच, माणिकराव म्हणून एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसवलेली होती. रविवारी गेलो. माय पालाच्या सावलीत लोकर कातत बसली होती, हातात चाती गरगर फिरायली. म्हणलं माय, जरा हलू नको. ती म्हणली, हलले न्हाई तर कातू कशी? मग तशीच काढायला बसलो.

अन् तुमाला खरं सांगतो, तोवर मी मायकडं कधी पाह्यलंच नव्हतं. माय हाय हे ठाऊक असतंय, पाहतंय कोण? मला ठाऊक होती ती माय खांद्यावर कोकरू घेऊन गोदावरीच्या पाण्यातून सरासरा जाणारी. अन् समोर बसली होती ती... गाल बसलेले, पुढचे दोन दात न्हाईत, गळ्याची कातडी लोंबायली. पेन्सिल थांबली माझी. वाटलं आपल्या ठाऊकातली काढावी, कोण विचारतंय? पण सरांचं ते ऐकू यायलंच, दिसतं तेवढंच काढ, रायभान... काढलं. एक सुरकुती सोडली न्हाई. रडतबी होतो, खोटं कशाला बोलू?

चित्र मायच्या हातात दिलं. तिनं लय वेळ पाह्यलं, चाती खाली ठेवली.

"ही माझी माय हाय," ती म्हणली. "तू तर तिला पाह्यलंबी न्हाई. तुला काढता कशी आली रे?"

आता बोला! तिची माय, भागुबाई, मी जन्मायच्या आधीच गेलेली. अन् मायजवळ आरसा म्हणाल तर कुंकवाच्या डबीतला, एवढुसा, त्यात कपाळ मावलं तर मावलं. सगळं तोंड एकदम तिनं कधी पाह्यलंच नव्हतं! तिला खरं सांगितलं तर चित्र माझं, सर्टिफिकेट माझं, पण हातात आलेली माय तिच्यापासून हिसकून घ्यायची, अन् वर सांगायचं की तू म्हातारी झालीस? मी पेन्सिल खिशात घातली. तिनं चित्राच्या कपाळाला कुंकू लावलं, खणात गुंडाळलं अन् देवाच्या गाठोड्यात ठेवलं. संपला विषय.

नऊ चित्रं दिली. सरांनी विचारलं दहावं कुठं हाय, तर सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला, म्हणले रायभान, तू शिकलास बघ. अन् कागदावर लिहिलं, नापास. कायदा म्हंजे कायदा!

बा काठी घेऊन तयारच होता. पण माय, जी जन्मात त्याच्यापुढं बोलली न्हाई, ती आडवी आली.

"यानं मला माझी माय आणून दिली," ती म्हणली. "याला एक वरीस दे."

बानं काठी खाली घातली, मेंढरं हाकीत गेला. मी पुन्हा नवशिक्यांच्या वर्गात! या खेपेला समोर सरांनाच बसवलं, टक्कल दिसलं तेवढं काढलं. काठावर पास केलं त्यांनी.

मास्तरकी झाली, पेन्शन आली, माय गेली. तिचा फोटो कुणी काढलाच न्हाई. ते चित्र तेवढं आमच्या देव्हाऱ्यात हाय, काचेत बसवलेलं. घरात सगळ्यांना ठाऊक की ही भागुबाई, कारण मायनं सोता सांगून ठेवलेलं. एकदा मी म्हणलं, अरे ही तुमची आजीच हाय, तर सून म्हणली, मामाजी, आजींना त्यांची माय ओळखू आली नसंल का? दर साली पितरपाटात मायचं पान वाढतेत, अन् थोरला पोरगा हळहळतो, दादा, तुमी दोन-दोन वर्षं चित्रकला शिकलेले, आजीचं एक चित्र काढून ठेवायला काय झालतं? मी म्हणतो, राहून गेलं बाबा.